उसनवारी आणि चोरी : जॅझरसिकाच्या एका मताची चिकित्सा

मुंबई-पुणे लोहमार्गावरील तळेगाव दाभाडे ह्या गावाचे लोकव्यवहारात दोन भाग पडतात. एक 'गाव' आणि दुसरा 'स्टेशन'. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि त्याच्याबरोबर आलेला हा इंग्रजी शब्द पुढे एका वस्तीचे नाव होऊन बसला. तेथील रहिवासी 'आम्ही स्टेशनला राहतो' असे सांगतो, तेव्हा तो फलाटावर मुक्काम करून आहे असा अर्थ कोणी घेत नाही. ह्याच तळेगावात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. कारखाना 'काचे'चा, परंतु काचेला इंग्रजीत असलेला 'ग्लास' हा शब्द मराठीने घेतला तो पाणी पिण्याच्या भांड्यापुरता. म्हणून 'स्टीलचा ग्लास' ह्या प्रयोगात मराठी माणसास कसलीही विसंगती जाणवत नाही. शब्द परका, पण त्याचे लिंग, त्याची विभक्ती आणि त्याचा अर्थ ही तिन्ही मराठीने ठरविली.

भाषाशास्त्र ह्या व्यवहारास उसनवारी म्हणते. उसना शब्द मूळ भाषेतील अर्थाशी प्रामाणिक राहिला की नाही, ह्यावरून त्याची योग्यता ठरत नाही. घेणाऱ्या भाषेच्या वाक्यात तो कोणते कार्य करतो, ह्यावरून ठरते. हे तत्त्व आता भाषेच्या अभ्यासात वादग्रस्त राहिलेले नाही. संगीताच्या बाबतीत मात्र सुशिक्षित रसिकही ह्याच्या अगदी उलट दिशेने विचार करताना आढळतो. ह्याचे बोलके उदाहरण म्हणजे मुंबईतील जॅझरसिकाचे हिंदी चित्रपटगीताविषयीचे मत. ते मत थोडक्यात असे : जॅझ हे थोर संगीत होय, लोकप्रिय संगीत हे त्याचे पातळ केलेले रूप होय, आणि चित्रपटगीतात ऐकू येणारे जॅझ ही तर निव्वळ चोरी होय. ह्या मतात सत्याचा अंश किती व अन्याय किती, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. जॅझ मुंबईत आले ते श्रीमंतांच्या हॉटेलांतून. १९३५ मध्ये लिऑन ॲबी ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्याच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यास गेला व १९४५ मध्ये तेथेच निवर्तला. ह्या मंडळींच्या हाताखाली आणि त्यांच्या शेजारी बसून जे वादक जॅझ शिकले, त्यांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन व व्हायोलिन ह्यांचे शिक्षण मिळे. त्यामुळे कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारा वादकवर्ग मुंबईस आयताच लाभला. मिकी कोरिया ह्यांचा वाद्यवृंद १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये वाजत होता. हळदोण्याचे अँतोनियो शाविएर वाझ (१९१६-१९६७) हे 'चिक चॉकलेट' ह्या नावाने प्रसिद्धीस आले आणि त्यांस भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणण्यात येऊ लागले.

परंतु हॉटेलांचे दिवस पालटले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने रात्रीच्या करमणुकीस ओहोटी लागली आणि ह्या वादकांनी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांची वाट धरली. येथेच जॅझ सर्वसामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचले. तळेगावसारख्या गावातील माणसाने ताजच्या नृत्यगृहात पाऊल टाकण्याचा प्रश्नच नव्हता. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ही वाद्ये त्याला ठाऊक झाली ती वरातीच्या बँडमुळे, रेडिओमुळे आणि चित्रपटामुळे. सॅक्सोफोनचा आवाज त्याने प्रथम ऐकला तो एखाद्या हिंदी गीताच्या दोन ओळींच्या मध्ये. जॅझरसिकाचा आक्षेप ह्याच दोन ओळींच्या मधल्या जागेवर आहे.

हा रसिक उथळ आहे असे समजण्याचे कारण नाही. उलट संगीत ऐकण्याची जी शिस्त त्याने अंगी बाणवली, ती अनुकरणीय आहे. तबकडीवर कोण वाजवीत आहे, ध्वनिमुद्रण कोणत्या वर्षीचे, वृंदात दुसरा ट्रम्पेटवादक कोण, अमुक वादकाने आपली फेक कोणाकडून उचलली, हे सारे तो जाणतो. निरंजन झवेरी ह्यांच्यासारख्या रसिकाने १९५२ मध्ये मुंबईत 'ब्लू ऱ्हिदम' हे जॅझला वाहिलेले नियतकालिक काढण्यात पुढाकार घेतला आणि पुढे १९७८ मध्ये 'जॅझ यात्रा' हा महोत्सव उभा केला. पहिल्याच महोत्सवात सनी रॉलिन्ससारखा श्रेष्ठ सॅक्सोफोनवादक मुंबईच्या रंगभवनात वाजवून गेला. उत्स्फूर्त विस्तार हा जॅझ व भारतीय रागसंगीत ह्यांचा समान प्राण आहे, हा विचार झवेरींनी सातत्याने मांडला. ज्या काळी आपल्याकडील बहुतेक सुशिक्षितांच्या लेखी जॅझ म्हणजे केवळ नाचाचा गोंगाट होता, त्या काळी हे मत धरणे सोपे नव्हते.

तेव्हा प्रश्न रसिकाच्या कानाचा नसून त्याच्या निकषाचा आहे. 'खरे जॅझ' आणि 'खोटे जॅझ' अशी विभागणी करण्याची सवय जॅझरसिकतेस जन्मापासूनच जडलेली आहे. फ्रेंच समीक्षक ह्यूग पानासिए ह्याने १९३४ मध्ये 'हॉट जॅझ'ची बाजू घेऊन ग्रंथ लिहिला आणि यूरोपास ह्या संगीताकडे गांभीर्याने पाहण्यास शिकविले. तोच पानासिए पुढे चार्ली पार्करप्रभृतींच्या बीबॉप शैलीला जॅझ म्हणावयास तयार होईना. इंग्रज कवी फिलिप लार्किन १९६१ ते १९७१ ह्या काळात एका दैनिकात जॅझच्या तबकड्यांची परीक्षणे लिहीत असे. त्यांतील बरीचशी १९७० मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा तिच्या प्रस्तावनेत त्याने पार्कर, पाउंड आणि पिकासो ह्या तिघांना एकाच पंक्तीत बसवून आधुनिकतेवरील आपला राग मोकळेपणाने बोलून दाखविला. पानासिए काय किंवा लार्किन काय, दोघांचेही प्रेम अस्सल होते. पण आपण तरुणपणी ज्या संगीतावर लुब्ध झालो ते मूळ, व नंतरचे सर्व भ्रष्ट, ही त्यांची धारणा वास्तविक आत्मचरित्राचा भाग होती. तिला त्यांनी सौंदर्यशास्त्राचा दर्जा दिला.

ह्याहून मनोरंजक साक्ष थिओडोर अडोर्नो ह्या जर्मन तत्त्वज्ञाची आहे. १९३६ मध्ये त्याने जॅझवर जो निबंध लिहिला, त्यात सबंध जॅझलाच बाजारी माल ठरविले. लयीतील चमत्कृती ही वरवरची सजावट होय, तिच्या आतला सांगाडा ठराविक साच्याचा आहे, आणि वादकाचे स्वातंत्र्य हा केवळ आभास आहे, असा त्याचा अभियोग होता. जगातील प्रत्येक जॅझरसिकाने ह्या निबंधावर संताप व्यक्त केला आणि तो योग्यच होता; कारण अडोर्नोने वादकांना वेगवेगळे ओळखण्याचा यत्नच केला नाही. आता ह्याच रसिकाचे चित्रपटगीतावरील आक्षेप आठवावेत : सजावट वरवरची आहे, साचा ठराविक आहे, वादकास स्वातंत्र्य नाही. आरोपपत्र तेच आहे, आरोपी तेवढा बदलला आहे. ज्या अन्यायाविरुद्ध त्याने जॅझची बाजू लढविली, तोच अन्याय तो शेजारच्या संगीतास निःशंकपणे करतो.

दुसऱ्या बाजूने पाहिले तरी हीच गोष्ट प्रत्ययास येते. १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर हे केंद्रीय नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर कडक निर्बंध आले. अभिजात रागसंगीत हेच राष्ट्राचे संगीत होय आणि पाश्चात्त्य वाद्यांनी मढविलेले चित्रपटगीत हा संकर होय, अशी त्यांची भूमिका होती. परिणाम असा झाला की श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले व अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीस 'विविध भारती' सुरू करावी लागली. केसकर आणि जॅझरसिक ह्यांच्यात एकमत होण्यासारखे वरकरणी काहीच नाही. एकास त्या गीतात परकीय अंश फार वाटला. दुसऱ्यास तोच अंश पुरेसा परकीय वाटला नाही. परंतु निर्णय दोघांचा एक, आणि त्याची शब्दावलीही एक : 'भेसळ', 'संकर', 'उचललेले'. दोन टोकांवरच्या शुद्धिवाद्यांनी मधल्या वस्तूस सारख्याच शब्दांनी नाकारावे, ह्याचा अर्थ त्या शब्दांतून वस्तूचे वर्णन होतच नाही; बोलणाऱ्याच्या स्थानाचे तेवढे होते. भाषाशुद्धीच्या चळवळीचा इतिहास ज्यांस परिचित आहे, त्यांस ह्याचे नवल वाटू नये.

'संकर' ह्या शब्दासंबंधी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जॅझ स्वतःच न्यू ऑर्लिन्स ह्या बंदरात आफ्रिकी, फ्रेंच, स्पॅनिश आणि इंग्रजी परंपरांच्या मिश्रणातून जन्मले. सैनिकी बँडची वाद्ये, चर्चमधील गाणी, मजुरांची श्रमगीते आणि नाचाचे ताल ह्यांची ती गाठ होती. संकरातून जन्मलेल्या संगीताचा अभिमान बाळगणाऱ्याने दुसऱ्या बंदरातील संकरास नाक मुरडावे, ह्यात तर्काची संगती राहत नाही.

आता प्रत्यक्ष कलाकृतीकडे वळू. १९५१ चा 'अलबेला' हा चित्रपट भगवानदादांचा; संगीत १९१८ मध्ये पुणतांबे येथे जन्मलेल्या सी. रामचंद्र, म्हणजेच रामचंद्र नरहर चितळकर, ह्यांचे. त्यांच्या संगीतात चिक चॉकलेट ह्यांचे मोठे साहाय्य असे. 'अलबेला'त तर चिक आणि त्यांचा वृंद पडद्यावरही दिसतो. ह्याच चित्रपटात त्याच संगीतकाराची एक अंगाईही आहे, आणि तिचा हळुवारपणा रागसंगीताच्या रसिकांनीही वाखाणलेला आहे. रूढ मत असे की अंगाईत 'खरे' सी. रामचंद्र भेटतात व नाचाच्या गीतांत 'बाजारी'. परंतु नाचगीताची रचना तपासली असता काय दिसते? मुखडा आणि अंतरा हा सांगाडा येथलाच आहे. लय आठ मात्रांच्या केरव्याशी जुळणारी आहे. मुखडा व अंतरा ह्यांच्या मध्ये जो वाद्यांचा तुकडा वाजतो, ज्यास चित्रपटव्यवसायात 'पीस' म्हणतात, त्यात ट्रम्पेट व सॅक्सोफोन आपली मूळची ऐट घेऊन येतात. आणि गायकाची ओळ संपताच ट्रम्पेट तिला जे छोटे उत्तर देतो, ते ब्लूजमधील हाक-प्रतिसादाइतकेच आपल्याकडील झीलकऱ्याची आठवण करून देणारे आहे. पोवाड्यात शाहिराची ओळ जेथे थांबते तेथून झीलकरी ती उचलतो. येथे ते काम धातूच्या वाद्याकडे आले आहे. परका शब्द मराठी विभक्ती घेतो तसे हे परके वाद्य येथली जागा घेते. ह्यास चोरी म्हणावयाचे तर 'स्टेशनला राहतो' ह्या वाक्यासही चोरी म्हणावे लागेल.

अर्थात ह्या देवघेवीत काही हरवले, हे मान्य केले पाहिजे. जॅझचा प्राण जो उत्स्फूर्त विस्तार, त्यास चित्रपटगीतात फारसा वाव उरला नाही. वादकाने कागदावर लिहिलेले वाजवावयाचे, तेही दिग्दर्शकाच्या सोयीने आखलेल्या काही सेकंदांत. 'ग्लास' ह्या शब्दाने मराठीत येताना काच ह्या पदार्थाचा अर्थ मागे ठेवला, तसा जॅझने येथे येताना आपला विस्तार मागे ठेवला. परंतु ह्याचे खापर तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या मर्यादेवर फोडता येत नाही. आर्मस्ट्राँग व एलिंग्टन ह्यांची कीर्तिमान ध्वनिमुद्रणे त्याच मर्यादेत झालेली आहेत. लेखननिविष्ट असणे हाही स्वतःहून दोष नव्हे. एलिंग्टन आपल्या वादकांचे स्वभाव ओळखून त्यांच्यासाठी लिहीतच असे. खरा फरक असा की एलिंग्टनच्या वृंदातील वादकाचे नाव तबकडीच्या श्रोत्यास ठाऊक असे. मुंबईच्या वादकाचे नसे. तसेच परदेशी चाल जशीच्या तशी उचलून तिच्यावर हिंदी शब्द बसविण्याचे प्रकारही घडले, आणि त्यांस उसनवारीच्या नावाखाली क्षमा करण्याचे कारण नाही. दोहोंतील भेद मात्र गीतागणिक तपासून ठरवावा लागतो. सरसकट एका शब्दाने निकालात काढता येत नाही.

येथे जॅझरसिकाच्या मतातील सर्वांत मोठी उणीव उघड होते. अमेरिकन वृंदातील तिसऱ्या सॅक्सोफोनवादकाचे नाव सांगणारा हा रसिक, आपल्याच शहरातील ध्वनिमुद्रणगृहात तेच वाद्य कोण वाजवीत आहे ह्याची चौकशी करीत नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत 'संगीत दिग्दर्शक' हे एकच पद ठळक असे. चालीस स्वरसंवाद देणे, पीस रचणे, प्रत्येक वाद्याचा भाग स्वतंत्र कागदावर लिहून काढणे, हे काम करणाऱ्यास व्यवसायात 'अरेंजर' म्हणत. 'संगीत संयोजक' हा मराठी शब्द रुळावयास पुष्कळ काळ जावा लागला. ज्या कर्त्यास भाषेत रूढ नाव नाही, तो समीक्षेतही दिसत नाही. सेबॅस्टियन डिसूझा (१९०६-१९९६) हे फाळणीपूर्वी लाहोरात वृंद चालवीत; मुंबईत आल्यावर शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर ह्यांच्या असंख्य गीतांचे वाद्यसंयोजन त्यांनी केले. फ्रँक फर्नांड ह्यांनी अनिल विश्वास, रोशन आदिकरून संगीतकारांसाठी काम केले आणि पुढे 'आमचें नशीब' (१९६३) व 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) ह्यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय व पाश्चात्त्य वादकांचा एक मोठा वृंद उभारला. रागांवर आधारलेल्या त्यांच्या रचना त्या वृंदाने सादर केल्या व लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायिले. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेस गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील एका गीतात गुरूचे नाव गोवले, तेव्हा ते देशभर प्रत्येकाच्या तोंडी झाले. परंतु ते एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे नाव आहे, हे गाणाऱ्यांपैकी क्वचितच कोणास ठाऊक होते. ह्या मंडळींना रागसंगीताच्या समीक्षकाने उपरे मानले, जॅझरसिकाने पोटार्थी मानले, आणि चित्रपटाच्या चाहत्यास त्यांचा पत्ताच नव्हता. चिक चॉकलेट ह्यांस 'भारताचा आर्मस्ट्राँग' म्हणणे हा गौरव भासतो खरा. परंतु ज्याची ओळख दुसऱ्याच्या नावाने करून दिली जाते, त्याचे स्वतःचे काम ऐकावयाचे राहून जाते.

मतातील विसंगतीचा आणखी एक पुरावा १९६० च्या दशकाने पुरविला. जॉन कोल्ट्रेनने १९६१ मध्ये 'इंडिया' ह्या नावाची रचना ध्वनिमुद्रित केली. १९६६ मध्ये कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमेकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट ह्यांची 'इंडो-जॅझ सूट' इंग्लंडात निघाली. ह्या प्रयोगांचे जॅझविश्वात गंभीरपणे स्वागत झाले. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन ह्यांनी 'रागा जॅझ स्टाइल' ही तबकडी काढली. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, जयजयवंती, भैरवी आदी अकरा राग, रईस खाँ ह्यांची सतार आणि ध्वनिमुद्रणगृहातील नेहमीचे सॅक्सोफोन-ट्रम्पेटवादक, अशी तिची मांडणी होती. ह्या तबकडीत विस्तार तोकडा आहे आणि ड्रमची लय कित्येकदा रागास घाई करावयास लावते, हे दोष खरेच. पण दोन्ही भाषा लहानपणापासून कानावर असलेले वादक एकत्र आल्याने स्वरांच्या वळणांत जी सहजता आली आहे, ती परदेशी प्रयोगांत दुर्मिळ आहे. मिश्रण समुद्रापलीकडून आले तर प्रयोग, आणि दादर-ताडदेवहून आले तर भेसळ, हा न्याय कलेचा नव्हे. तो प्रतिष्ठेचा होय.

ह्या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग मराठी संगीतविचारास अपरिचित नाही. डॉ. अशोक रानडे (१९३७-२०११) ह्यांनी आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या सहा कोटी कल्पिल्या. जनसंगीत ही कलासंगीताची पडझड नसून तिचे स्वतःचे प्रयोजन आणि स्वतःचे निकष आहेत, हा त्या विभागणीचा इत्यर्थ होय. ग्रेगरी बूथ ह्यांचा मुंबईच्या चित्रपटवादकांवरील ग्रंथ (२००८) आणि नरेश फर्नांडिस ह्यांचे मुंबईच्या जॅझयुगावरील 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२) ह्या इंग्रजी पुस्तकांनी वादकांची नावे व त्यांच्या कहाण्या पुष्कळ अंशी उजेडात आणल्या. नावे मिळाली, आता त्यांच्या कामाचे मूल्यमापन हवे. त्यासाठी जॅझरसिकाने आपली शिस्त टाकावयाची नाही. ती अर्ध्यावर सोडावयाची नाही, एवढेच. कोण वाजवीत आहे, कोणी लिहिले आहे, हा तुकडा गीताच्या वाक्यात कोणते कार्य करतो, हे तीन प्रश्न त्याने आर्मस्ट्राँगच्या तबकडीस विचारले, तेच 'अलबेला'च्या तबकडीस विचारावेत. उत्तर प्रत्येक वेळी अनुकूल येईलच असे नाही. काही गीते तरीही उथळ ठरतील, काही उचललेली ठरतील. पण तो निर्णय गीत ऐकून झाल्यानंतरचा असेल.

तळेगावच्या रहिवाशाने 'स्टेशन' हा शब्द आपलासा करताना कोणाची अनुमती विचारली नाही, आणि त्या शब्दाने मराठी बिघडली असेही आज कोणी म्हणत नाही. गोमंतकातील मुलाने चर्चच्या शाळेत शिकलेले स्वरलेखन, शिकागोच्या वादकाकडून उचललेली फेक आणि पुणतांब्याच्या संगीतकाराची चाल ह्या तिघांचे मिळून जे वाक्य झाले, तेही आता आपल्या बोलीचा भाग आहे. त्याचे व्याकरण लिहिण्याचे काम पुढील अभ्यासकांकडे आहे.